पदाधिकाऱ्यांची शाखा

अभियंत्यांच्या संस्थेची प्रादेशिक शाखा कशी चालते, असं पूर्वी मला कुणी विचारलं असतं, तर ‘चालते का?’ असं उलट विचारून मी मोकळा झालो असतो. आता मात्र मला सगळं तोंडपाठ आहे. सगळ्यांत वर मुख्यालय असतं, ते सूचना पाठवतं. त्याच्या खाली प्रादेशिक शाखा असते, ती सूचना मिळाल्याचं कळवते. शाखेला एक अध्यक्ष असतो, त्याला वेळ नसतो. एक उपाध्यक्ष असतो, त्याला वेळच वेळ असतो. पण अध्यक्ष हजर असले की त्याला काही करता येत नाही आणि अध्यक्ष गैरहजर असले की तोही गैरहजर असतो. एक खजिनदार असतो. स्थापत्य, यंत्र, वीज आणि रसायन असे चार तांत्रिक गट असतात, ते एकमेकांची व्याख्यानं ऐकत नाहीत. आणि या सगळ्यांच्या मधोमध एक मानद सचिव असतो. तो खुर्च्या मांडतो.

तो मी.

मी सचिव कसा झालो हे सांगण्यात अर्थ नाही. ज्या बैठकीत झालो तिला मी उशिरा पोचलो होतो, एवढं पुरे.

ही शाखा माझ्या सासऱ्यांनी काढलेली. ते पुलांचे अभियंते. पूल बांधणं म्हणजे अभियांत्रिकी आणि पंप बनवणं म्हणजे नळदुरुस्तीची पुढची पायरी, असं त्यांचं मत आहे. मी पंपांच्या कारखान्यात आहे. लग्न झाल्यापासून त्यांनी माझं कौतुक केल्याचं मला आठवत नाही. एकदा जेवताना ‘छान झालंय’ म्हणाले होते आणि मी मान वर केली होती, पण ते भाजीबद्दल होतं. सासूबाई गेल्यापासून ते आमच्याकडेच असतात. गुडघे दुखतात, त्यामुळे एरवी खिडकीशी बसून समोरच्या इमारतीच्या गच्चीतून किती पाणी गळत असेल याचा अंदाज बांधतात. फक्त शाखेचं व्याख्यान असलं की दुपारपासून इस्त्रीचा शर्ट घालून, बूट पुसून तयार. व्याख्यान कशावर आहे हेसुद्धा विचारत नाहीत. मागच्या रांगेत बसतात, शेवटी एक प्रश्न विचारतात, वक्त्याला घाम फुटतो, आणि आम्ही घरी येतो. त्या रात्री ते एक पोळी जास्त खातात.

आणि नेमकी हीच शाखा माझ्या कारकिर्दीत बुडायला आली. मुख्यालयानं कळवलं की येत्या वार्षिक सभेला कोरम झाला नाही, तर आमची शाखा शेजारच्या मोठ्या शहराच्या शाखेत विलीन करण्यात येईल.

बायकोनं ते ऐकलं आणि हातातली कढई ओट्यावर आदळली.

“म्हणजे बाबांनी दर वेळी तिकडे जायचं? त्या गुडघ्यांनी?”

“तसं नाही, तिकडचं सभागृह म्हणे वातानुकूलित आहे...”

“ते जाणार नाहीत. त्यांचं घराबाहेर पडणं बंद होईल, एवढं समजा. आणि ते तुमच्या हातून होईल.”

गेल्या व्याख्यानाला श्रोते होते ते असे: सासरे, मी, आणि वक्त्याचा मेहुणा. मेहुणा अभियंता नव्हता. वक्त्याला घरी सोडायचं म्हणून थांबला होता.

मी चिंतेत आहे हे वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांना जिन्यातच कळलं. ते एका सरकारी खात्यातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेत आणि दुसऱ्याच्या चिंतेचा त्यांना वास येतो. चहा घ्यायला म्हणून आले आणि बसले.

“साहेब, माणसाला बोलावलं की तो येत नाही,” ते म्हणाले. “माणसाला पद दिलं की येतो. आणि बायकोला घेऊन येतो.”

“बायको कशाला येईल?” माझ्या बायकोनं विचारलं.

“पद खरं आहे का ते बघायला.”

मला ते पटलं. आता मागे वळून बघताना असं वाटतं, की ज्या माणसानं आयुष्यभर एकही पूल, पंप किंवा दिवा केला नाही, त्याच्या सल्ल्यावर मी अभियंत्यांची संस्था उभारायला नको होती. पण त्या वेळी चहा चांगला झाला होता.

दुसऱ्या दिवसापासून मी फोन सुरू केले. ‘सभेला या’ म्हटलं की समोरचा माणूस प्रकृतीच्या तक्रारी सांगायला लागायचा. ‘सभागृह व्यवस्था उपसमितीचं निमंत्रकपद तुमच्याकडे द्यावं असं सर्वांचं मत पडलं’ म्हटलं की तब्येत एकदम सुधारायची. सर्वांचं म्हणजे माझं आणि हेडक्लार्कांचं. सभागृह व्यवस्था झाली, स्वागत झाली, ध्वनिक्षेपक झाली, चहा झाली, पार्किंग झाली. माणसं शिल्लक होती, म्हणून प्रत्येक निमंत्रकाला मी एक उपनिमंत्रक जोडला. ही कल्पना माझी स्वतःची, आणि तिचा मला अभिमान होता. कुठल्याही पंपघरात जा, चालू पंपाच्या शेजारी एक राखीव पंप असतोच. एक बंद पडला की दुसरा सुरू. फक्त एक गोष्ट माझ्या ध्यानात आली नाही. राखीव पंपाला आपण राखीव आहोत हे कळत नाही. माणसाला कळतं. आठवड्याच्या आत सगळे उपनिमंत्रक मला वेगवेगळे भेटून गेले, आणि मग त्यांना सहनिमंत्रक करावं लागलं. मग दोन सारखे झाले की भांडण आलं, भांडण आलं की समन्वय आला, आणि समन्वय आला की समन्वय समिती.

समित्यांनी कामही सुरू केलं, हे मला कबूल करायला हवं. चहा उपसमितीचे निमंत्रक बॉयलर विभागातले. त्यांना सगळे ‘तापमानसाहेब’ म्हणतात. पहिल्याच बैठकीत त्यांनी चहा थर्मासमध्ये असताना, कपात ओतताना आणि ओठांशी येताना किती गरम असतो याची मोजणी करायला घेतली. मोजणी होईपर्यंत कुणी कप उचलायचा नाही. मग सहनिमंत्रकांनी तीच मोजणी स्वतंत्रपणे करून पाहिली. आम्ही सगळ्यांनी गार चहा प्यायला आणि दोघांचे आकडे जुळल्याबद्दल टाळ्या वाजवल्या.

पार्किंगचं प्रकरण मात्र मुख्यालयापर्यंत गेलं. नवीन उपसमित्यांना मंजुरी लागते, म्हणून मी नावं कळवली होती. मुख्यालयानं विचारलं, पार्किंग उपसमिती कोणत्या तांत्रिक गटाच्या अखत्यारीत येते? मी भाबडेपणानं हा प्रश्न बैठकीत ठेवला. स्थापत्यवाले म्हणाले, जमीन आहे, म्हणजे आमची. यंत्रवाले म्हणाले, जमिनीवर गाड्या आहेत, त्या तुम्ही बनवता का? वीजवाले म्हणाले, तिथला दिवा गेला की सगळे आम्हालाच हाका मारता. रसायनवाले बराच वेळ गप्प होते. शेवटी म्हणाले, “पेट्रोल.” हे ठरवण्यासाठी चारही गटांची मिळून एक समिती नेमली. तिचं अजून ठरायचं आहे. वास्तविक सभागृहासमोर गाड्या लावायला जागाच नाही, आम्ही सगळे रस्त्यावर लावतो.

एवढा पसारा ध्यानात राहावा म्हणून वीज मंडळातले एक गृहस्थ पुढे झाले. त्यांचं टोपणनाव सर्किटसाहेब. त्यांनी शाखेच्या रचनेचा आराखडा काढला. तो त्यांनी त्यांच्या सवयीनं काढला, म्हणजे अध्यक्ष वरून येणारी मुख्य वाहिनी, सचिव मुख्य स्विच, गट हे स्विचमधून फुटणारे फीडर आणि उपसमित्या म्हणजे दिवे. कागद इतका मोठा झाला की तो सभागृहाच्या भिंतीवर लावायला चार माणसं लागली. मी स्वतःला मुख्य स्विचच्या जागी पाहिलं आणि खोटं कशाला बोलू, ऊर भरून आला. त्याच आठवड्यात मी आमच्या टपालपेटीवर नावाखाली ‘मानद सचिव’ असं रंगवून घेतलं. बायकोनं जाता-येता त्याच्याकडे बघितलं आणि म्हणाली, “गॅसवाल्याला घर सापडायला बरं.”

आता सगळ्यांना काही ना काही मिळालं होतं. राहिले होते फक्त सासरे. त्यांना मी सल्लागार समितीचं अध्यक्षपद देऊ केलं. ही समिती खास त्यांच्यासाठी काढली होती.

“नको,” ते म्हणाले.

“बाबा, शोभेचं आहे. काम काही नाही.”

“म्हणूनच नको. मी मागे बसतो. सगळेच पुढे बसले तर ऐकायला कोण राहील?”

मला वाटलं, पंपवाल्याच्या हातून पद घेणं त्यांना कमीपणाचं वाटलं असेल. मीही मग आग्रह केला नाही.

वार्षिक सभेचा दिवस उजाडला. सभागृह म्हणजे वाचनालयाच्या वरचा हॉल. किल्ली असते तिथल्या रखवालदाराकडे, आणि सभागृह व्यवस्था उपसमितीचे निमंत्रक किल्ली मागायला गेले तेव्हा सहनिमंत्रक ती आधीच घेऊन गेले होते आणि निमंत्रकांना शोधत त्यांच्या घरी जाऊन बसले होते. तेवढ्यात सगळे जिन्यात जमले. पण जमले! मी जिन्याच्या तोंडाशी उभा राहून खाली पाहिलं तर माणसंच माणसं. कुणी बायकोला आणलं होतं, कुणी छातीवर बिल्ला लावला होता. सासरे कठड्याला धरून एकेक पायरी चढत होते आणि त्यांना वाट द्यायला माणसांना अंग चोरावं लागत होतं. शाखेच्या जिन्यात गर्दी! त्यांनी वर आल्यावर माझ्याकडे पाहिलं. मग खाली गर्दीकडे, आणि पुन्हा माझ्याकडे.

शेवटी किल्ली आली आणि हॉल उघडला. पंख्यांची बटणं आराखड्याच्या मागे गेली आहेत हे तेव्हा कळलं. आराखडा उतरवायचा की उकाड्यात बसायचं यावर मतं मागवली, आणि आराखडा राहिला.

मुख्यालयातून निरीक्षक म्हणून एक बाई आल्या होत्या. शांत, चष्मा लावणाऱ्या, एका जागी बसून सगळीकडे बघणाऱ्या. त्यांनी भरलेला हॉल पाहिला, आराखडा पाहिला, गार चहा घेतला आणि मला विचारलं, “यातले साधारण सभासद किती?”

“सगळे सभासदच आहेत,” मी छाती काढून म्हटलं.

“तसं नाही. कोरम साधारण सभासदांचा मोजतात. पदाधिकारी त्यात धरत नाहीत. पदाधिकाऱ्यांनीच सभा भरवून पदाधिकाऱ्यांनाच निवडून देऊ नये, म्हणून तसा नियम आहे. निदान वीस साधारण सभासद हवेत.” मग त्या सभेकडे वळून म्हणाल्या, “ज्यांच्याकडे कुठलंही पद नाही त्यांनी कृपया हात वर करा.”

माणसं एकमेकांकडे बघायला लागली. पहिल्या रांगेत कुणी नाही, दुसऱ्या रांगेत कुणी नाही. शेवटच्या रांगेत भिंतीला लागून एक हात वर गेला. इस्त्रीच्या शर्टाचा.

बाई मोजत राहिल्या. तो एकच हात किती वेळा मोजणार? पण त्यांनी पुन्हा पुन्हा मोजला.

“खाली घेऊ का?” सासऱ्यांनी विचारलं. “खांदा दुखतोय.”

महिनाभर खपून, घसा कोरडा करून, मी शाखेत पदाशिवाय एकच माणूस शिल्लक ठेवला होता, आणि ज्याच्यासाठी हा खटाटोप केला तोच तो माणूस होता. आता त्याच्यादेखत शाखा बुडणार होती, तीही माणसांनी भरलेल्या हॉलमध्ये. बायको दाराशी उभी होती. तिच्याकडे बघायची माझी हिंमत झाली नाही.

“यावर उपाय काय?” अध्यक्षांनी विचारलं. ते सिमेंट कारखान्याचे व्यवस्थापक. एका कानाला फोन लावूनच बोलतात, त्यामुळे प्रश्न नक्की कुणाला आहे ते कळत नाही.

“पदाधिकाऱ्यांनी राजीनामे दिले तर ते साधारण सभासद होतील,” बाई म्हणाल्या. “तोंडी चालेल. मी नोंद घेते.”

म्हणजे काम एका वाक्याचं होतं. पण हॉलमध्ये अभियंते बसले होते. सर्किटसाहेब ताडकन उठले. म्हणाले, कुठलीही यंत्रणा बंद करण्याचा क्रम असतो. आधी दिवे, मग फीडर, मुख्य स्विच सगळ्यांत शेवटी. नाहीतर ठिणगी उडते. यावर पार्किंगवाले म्हणाले, दिवे म्हणजे आम्ही का? आमचा बळी आधी का? तापमानसाहेब म्हणाले, माझा अहवाल अपुरा आहे, तो पुरा झाल्याशिवाय मला हलता येत नाही. ध्वनिक्षेपकवाल्यांनी आपलं दुःख ध्वनिक्षेपकावर सांगायचा प्रयत्न केला, तो नुसताच शिट्टी वाजवत राहिला. जी माणसं महिन्यापूर्वी ‘आम्हाला कशाला यात ओढता’ म्हणत होती, ती आता खुर्चीच्या हातांना धरून बसली होती. स्वागत उपसमितीच्या निमंत्रकांनी तर व्हिजिटिंग कार्डं छापून घेतली होती. ती त्यांनी खिशातून काढून दाखवली आणि विचारलं, “मग आता याचं काय करू?”

शेवटी मीच उठलो. मुख्य स्विच शेवटी वगैरे ठीक आहे, पण मला दाराकडून बघणारे डोळे पाठीत जाणवत होते.

“मी मानद सचिवपदाचा राजीनामा देतो,” मी म्हटलं. आवाज थोडा बारीक निघाला. रंगवलेल्या टपालपेटीचा विचार मनात येऊन गेला, तो मी दाबला.

एकानं खुर्ची सोडली की बाकीच्यांना ती टोचायला लागते. आधी चहा उठला, मग पार्किंग, मग समन्वय. मग तर मागे राहणं लाजेचं झालं. खजिनदार उठले, चारही गटांचे प्रमुख उठले, उपाध्यक्ष उठले, आणि अध्यक्षांनी कानाचा फोन न काढता हात वर केला. बाईंनी तोही राजीनामा धरला. सगळा आराखडा रिकामा झाला. हॉल साधारण सभासदांनी गच्च भरला आणि कोरम झाला. टाळ्या वाजल्या.

“आता नव्या अध्यक्षांची निवडणूक,” बाई म्हणाल्या. “नावं सुचवा. फक्त एक, ज्यांनी आज राजीनामा दिला त्यांना आजच्या सभेत निवडून देता येत नाही.”

टाळ्या थांबल्या.

“हे आधी सांगायचं होतं!” सर्किटसाहेब ओरडले.

“कुणी विचारलं नाही,” बाई म्हणाल्या. “आणि अध्यक्ष निवडला गेला नाही तर सभा अपूर्ण. म्हणजे विलीनीकरण.”

सगळ्या माना मागे वळल्या. हॉलमध्ये राजीनामा न दिलेला एकच सभासद होता, कारण त्याच्याकडे द्यायला काही नव्हतं. तापमानसाहेबांनी नाव सुचवलं, ध्वनिक्षेपकवाल्यांनी अनुमोदन दिलं, आणि ते मात्र स्पष्ट ऐकू आलं.

“तुमची संमती आहे का?” बाईंनी विचारलं.

सासरे उठले. गुडघ्यावर हात ठेवून, मग पुढच्या खुर्चीच्या पाठीला धरून. मी मदतीला गेलो तर हातानंच नको म्हणाले. रांगेमधून ते पुढे आले तसतशी माणसं उभी राहत गेली. कुणी सांगितलं नव्हतं. टेबलाशी पोचल्यावर त्यांनी जरा श्वास घेतला आणि म्हणाले, “ही शाखा सुरू झाली तेव्हा मी एकटाच होतो. एक बरं होतं. कोरमची अडचण नव्हती.”

लोक हसले. तेही थोडं हसले. मग अध्यक्षांच्या खुर्चीत बसले आणि म्हणाले, “उपसमित्या वगैरे नंतर बघू. आधी तो कागद उतरवा, उकडतंय. आणि आता सगळे रिकामे आहात, तर कामातलं कुणाला काही विचारायचं आहे का?”

व्हिजिटिंग कार्डवाल्या गृहस्थांनी भीतभीत सांगितलं की त्यांच्या कारखान्याच्या नव्या शेडचा एक खांब मशीन सुरू झालं की थरथरतो, आणि ते कुणाला विचारावं ते कळत नाही. एवढं पुरे झालं. स्थापत्यवाले उठले, यंत्रवाले उठले, आराखड्याच्या पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर खांब काढला गेला, आणि पंख्याखाली शाखेचे चारही गट एका कागदावर ओणवे झाले. निरीक्षक बाईसुद्धा वाकून बघत होत्या. सासरे प्रश्न विचारत होते आणि लोकांना घाम फुटत होता. चहा दुसऱ्यांदा आला, तो कुणी मोजला नाही.

सभा संपल्यावर जिना उतरताना त्यांनी माझा हात धरला. बायको चार पायऱ्या पुढे होती. एका वळणावर ते थांबले.

“जावईबापू, एक विचारू?”

“विचारा ना, बाबा.”

“सगळ्यांना पदं वाटलीत, मला एकट्याला कोरडं ठेवलंत. मी नको म्हटलं तर पुन्हा विचारलंही नाहीत. मला वाटलं, विसरलात. मग सगळ्यांना एकदम राजीनामे द्यायला लावलेत, आणि तेही स्वतः पहिले उठून.” ते माझ्याकडे बघत राहिले. “नियम तुम्हाला माहीत होता. मला त्या खुर्चीत बसवायला हे सगळं मुद्दाम केलंत ना?”

मी पुढे पाहिलं. बायको थांबून मागे वळली होती. तिला सगळं माहीत होतं. हेडक्लार्क, राखीव पंप, टपालपेटी, सगळं. ती नुसती माझ्याकडे बघत उभी राहिली.

“पुलाचं कामसुद्धा इतकं बारकाईनं करणारा माणूस मी पाहिला नाही,” सासरे म्हणाले. त्यांचा आवाज जड झाला होता. माझ्या हातावरची त्यांची पकड घट्ट झाली.

खरं सांगायला तोंड उघडलं होतं, पण त्यांचा चेहरा इतका उजळलेला मी सासूबाई गेल्यानंतर पाहिला नव्हता. मला फार बरं वाटलं, आणि थोडी लाजही वाटली.

“हो, बाबा,” मी म्हटलं.

“मग सचिव तुम्हीच,” ते म्हणाले. “अध्यक्षांना नेमता येतो, मी बाईंना विचारून घेतलंय. पुढच्या महिन्यात त्या खांबावर व्याख्यान ठेवू. खुर्च्या लवकर मांडून घ्या.”

मी त्यालाही हो म्हटलं.